वस्तरेवाल्या मॅडम

भोरच्या बाजारपेठेत माझ्या अब्बांचं केस कापायचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची पायरी चढणारी एकमेव बाई म्हणजे आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्या आल्या की बाकावर पेपर वाचत बसलेली मंडळी पाय आवरून घेत. खुर्चीतलं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आरशातून चोरून बघे. मॅडम मात्र किराणा घ्यायला आल्यासारख्या सहज आत येत, पर्समधून रुमालात गुंडाळलेला वस्तरा काढत आणि अब्बांपुढे ठेवत. जुना, घडीचा, काळ्या मुठीचा वस्तरा. त्यांच्या वडिलांचा होता. वडिलांनी त्याने जन्मभर स्वतःची हनुवटी साफ केली, आणि लेकीने त्याच्याने पानं कापली.

"चाचा, परवा धार बरोबर लागली नव्हती. पेशी फाटल्या," असं त्या तक्रारीच्या सुरात म्हणत.

"कुनाच्या फाटल्या?"

"पेरूच्या."

बाकावरची मंडळी हसत, पण अब्बा हसत नसत. त्यांच्या लेखी धारेची तक्रार ही धारेची तक्रार होती, मग गाल तहसीलदाराचा असो की पेरूचा. ते वस्तरा उघडून खिडकीकडे धरत, एक डोळा मिटून पात्याची कड बघत आणि चामडी पट्ट्यावर शांतपणे ओढायला लागत. "पेरूचं पान खरबरीत असतंय, मॅडम. त्याला जरा येगळा हात लागंल," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मॅडम इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. कोणाचं ते मात्र सांगितलं नाही. मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो आणि माझी कॉलर आतून ताठ झाली होती.

'वस्तरेवाल्या मॅडम' हे नाव पोरांनी कधी ठेवलं कोण जाणे. त्यांना ते ठाऊक होतं. एका पोराच्या तोंडून चुकून त्यांच्यासमोर निघालं तेव्हा तो बिचारा घामाघूम झाला, आणि त्या म्हणाल्या, "यात चुकीचं काय आहे? वस्तरा माझाच आहे. नाव ठेवायचं तर असं पुराव्यासकट ठेवावं." बुटक्या, काटक, साडीवर कॅनव्हासचे पांढरे बूट घालणाऱ्या या बाईला मी कधी लाजताना किंवा ओशाळताना पाहिलं नाही. भोरला त्या एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" असं सांगत, जसं काही ते दळण आणायचं राहून गेलं होतं.

त्यांचं सगळं शास्त्र पानावर चालायचं. बटाट्याच्या फोडीला चीर पाडायची, तिच्यात पानाचा तुकडा धरायचा आणि वस्तरा अलगद स्वतःकडे ओढत काप घ्यायचे. काप पाण्यात पडत. त्यातला सगळ्यात फिका, दिसतोय की नाही असा काप कुंचल्याने उचलायचा, लाल रंगात बुडवायचा आणि काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. आमचे काप सुरुवातीला काकडीच्या चकत्यांसारखे यायचे. मॅडम त्या पाण्यात डोकावून म्हणत, "कोशिंबीर छान झाली आहे. आता काप घे." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं: "जाड कापात खोटं लपतं." काप पातळ असला तरच उजेड आरपार जातो आणि आतलं जसंच्या तसं दिसतं. जाड असला तर सगळं काळंबेरं, मग ज्याला जे हवं ते त्याने त्यात बघावं. माझा हात अब्बांच्या दुकानात तयार झालेला असल्यामुळे वर्गात पहिला पातळ काप माझा आला. "शब्बीर, हा हात चाचांचा आहे," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. तोवर माझ्या मते दुकानातलं काम ही कॉलेजात लपवायची गोष्ट होती. त्या दिवसापासून ती तशी राहिली नाही.

त्यांचा जीव जडला होता तो जांभळाच्या कुळावर. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी एका कुळातली. बाहेरून बघितलं तर कोण म्हणेल? एक ओढ्याकाठचं, एक परसातलं, एक मसाल्याच्या डब्यातलं आणि एक सरकारी बंगल्याच्या कुंपणावरचं. पण पान उजेडाला धरलं की चौघांच्याही अंगावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके उजळतात. त्या तेलाच्या गाठी. शिवाय पानाच्या कडेच्या जरा आतून एक शीर कडेकडेने जाते, लुगड्याला काठ असावा तशी. ही दोन लक्षणं जुळली की कुळ पक्कं. मग त्या कुळातलं नेमकं कोण, हे काप सांगतो. गाठी पानाच्या वरच्या अंगाला आहेत की दोन्हीकडे, कातडी किती जाड आहे, मधल्या शिरेचा गाभा चंद्रकोरीसारखा उघडा आहे की त्याची टोकं आत वळली आहेत. झाडांची शास्त्रीय नावं मी इथे देत नाही. दिली तर तुम्ही ती ओठ हलवत वाचाल आणि पुढच्या ओळीला विसराल, हे मी माझ्या रोपांच्या गिऱ्हाइकांवरून सांगतो.

"उजेडाला धर" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले याचा हिशेब नाही. एसटीत खिडकीशी बसल्या की हात बाहेर काढून फांदी ओरबाडत आणि पान सूर्याकडे धरत. कंडक्टर ओरडे, "मॅडम, हात आत घ्या." मॅडम हात आत घेत, पण पानासकट. सहलीला रायरेश्वराकडे गेलो तेव्हा पोरं दरीचे फोटो काढत होती आणि या वाटेवरच्या कुंभ्याच्या झाडाखाली उभ्या राहून आम्हाला हाका मारत होत्या. कुंभ्याच्या फुलाला जांभळासारखेच केसरांचे झुबके असतात. त्यावर भुलून जुन्या पंडितांनी त्याला जांभळाच्या कुळात नेऊन बसवलं होतं. पुढे त्याला वेगळं काढावं लागलं. "पान उजेडाला धरलं असतं तर कळलं असतं, एकसुद्धा ठिपका नाही," मॅडम अशा काही समाधानाने सांगत होत्या की जणू त्या पंडितांशी त्यांचं घरचं भांडण होतं. "फुलावर भाळलं की असं होतं." यावर मागे मुलींमध्ये बरीच कुजबुज झाली, मॅडमना कोणी फसवलं असावं वगैरे. मला ते पटलं नाही. या बाईला फसवायला आलेला माणूस आधी उजेडाला धरला गेला असता.

फुलांवर त्यांचा राग नव्हता, पण भरवसा मात्र नव्हता. "फूल म्हणजे पाहुणा," त्या म्हणत. "वर्षातून एकदा येतो, चार दिवस मिरवतो आणि जातो. पान घरचं माणूस आहे. घर कसं आहे हे पाहुण्याला विचारायचं की घरच्या माणसाला?" झाडाला नाव द्यायचं तर फूल पाहिजे, फळ पाहिजे, असं बाकीची विद्वान मंडळी म्हणत. यांचं म्हणणं असं की बारा महिने झाडावर असतं ते पान, मग ते का नाही बोलणार? त्याला बोलतं करायची अक्कल आपल्याला हवी.

त्यांच्या या पानाच्या वेडाने आमच्या दत्ताचं लग्न जवळजवळ अडवलं. दत्ता माझा वर्गमित्र, गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. त्यांच्या घराण्यात लग्नाआधी देवक बसवतात आणि देवक जांभळाच्या डहाळीचं. मॅडम सकाळीच पोचल्या होत्या आणि ओसरीवर चहा पीत होत्या. दत्ताच्या भावाने घाईघाईत मागच्या रानातून डहाळी तोडून आणली. ती मॅडमच्या समोरून आत चालली होती, तेवढ्यात त्यांनी हात लांब करून एक पान खुडलं आणि सवयीने उजेडाला धरलं.

"हे जांभूळ नाही," त्या म्हणाल्या. "ही अंजनी आहे."

दत्ताचे चुलते, ज्ञानोबातात्या, घरातले कर्ते माणूस. गळ्यात उपरणं, मिशीला पीळ. ते पुढे आले. "बाई, धा पिढ्या आमी हेच देवक बशिवतोय. आमाला जांभूळ कळंना व्हय?"

"तुम्हाला कळतं, तात्या. तुमच्या पुतण्याला कळत नाही," मॅडम म्हणाल्या आणि पान त्यांच्या हातात दिलं. "उजेडाला धरा. काय दिसतं?"

तात्यांनी धरलं. "हितं तर कायबी न्हाई."

"आता खरं जांभूळ आणायला लावा."

भाऊ मोटारसायकलवरून गेला आणि ओढ्यावरून डहाळी घेऊन आला. तात्यांनी त्यातलं पान उन्हाकडे धरलं आणि त्यांचा आ वासला. "आयला, चाळनी हाय की ह्यात!" मग पोराबाळांसकट सगळं वऱ्हाड पानं उन्हाकडे धरून बघायला लागलं. गुरुजी मुहूर्त निघून चालल्याचं सांगत होते, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं. नवरदेवाने चुकीच्या कुळाला साक्षी ठेवून संसार मांडायचा प्रसंग टळला, आणि 'बाई पान बघून कुळ सांगत्यात' ही बातमी त्या खोऱ्यात पसरली.

त्याच दुपारी तात्या आम्हाला गावाच्या देवराईत घेऊन गेले. देवीच्या लहानशा देवळामागे एक प्रचंड झाड उभं होतं. दोघा माणसांच्या कवेत न मावणारं खोड, पानांचा रंग काळपट हिरवा. तात्या म्हणाले, "ह्याला आमी वांझ जांभूळ म्हंतो. माज्या आज्यानंबी ह्याला फूल बगितलं न्हाई. ह्याचं कुळ सांगा."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "कुळ सांगते. पण आधी ते नाव टाका. तो शब्द झाडाला लावू नका, आणि बाईला तर मुळीच लावू नका. अजून फुलायचं आहे, एवढंच म्हणा."

पान त्यांनी उजेडाला धरलं. ठिपके होते. काठाची शीर होती. भोरला येऊन त्या रात्रीचं जेवणही न करता कापायला बसल्या असं मी सांगितलं तर ते गोष्टीत शोभेल, पण तसं काही झालं नाही. त्या जेवल्या, झोपल्या आणि सकाळी स्वच्छ उन्हात काप घेतला. जांभळाच्या शिरेतला गाभा त्यांना पाठ होता. हा तसा नव्हता. कोरीची टोकं आत वळलेली, गाठी फक्त वरच्या अंगाला, कातडी दुप्पट जाड. हे साधं जांभूळ नव्हतं, जांभळाचं एक दुर्मीळ चुलत भावंड होतं, आणि त्याचं घर इथून पुष्कळ दक्षिणेला होतं. इतक्या उत्तरेला ते कोणाला मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी काप, फोटो, टिपणं मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञांना पाठवली. उत्तर दर वेळी तेच: काम सुंदर आहे, पण फुलाशिवाय नाव मान्य करता येणार नाही. फूल पाठवा.

मग दर उन्हाळ्यात मॅडमची देवराईची फेरी ठरलेली. आधी एसटीने आणि पायी. पुढे मी कामथडीला हायवेवर रोपांची नर्सरी टाकली तेव्हापासून माझ्या टेम्पोतून. मी पानशेतच्या बंगलेवाल्यांना रोपं पोचवायला निघालो की त्या शेजारी बसत आणि गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले देत. "हे झाड लावू नका, दोन वर्षांत मरेल," असं माझ्याच देखत सांगत. मी काय बोलणार? झाड खरंच मरायचं. देवराईत गेलो की त्या खोडाशी उभ्या राहून मान वर करून बराच वेळ बघत. फूल नसे. "पाहुणा अजून वाटेत आहे," असं म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावत. निराश झालेल्या मी त्यांना बघितलं नाही. पण टेम्पोत परत चढायला त्यांना दर वर्षी थोडा जास्त वेळ लागे.

एका वर्षी दत्ताचा मोबाईलवर फोन आला. देवळाला मोठा सभामंडप बांधायचा ठरलं होतं आणि मंडपाचा एक खांब नेमका त्या झाडाच्या जागेवर येत होता. देवराईचा कायदा जुना: देवीचं जांभूळ तोडायचं नाही, बाकीचं झाड देवीच्याच कामाला लागत असेल तर चालतं. गावात दोन तट पडले. म्हातारे म्हणत, हे जांभूळच आहे. तरणी मंडळी म्हणत, ज्याला जांभळं लागत नाहीत ते कसलं जांभूळ? शेवटी दोन्ही तटांनी एक गोष्ट मान्य केली. "मॅडमना घिऊन ये," दत्ता म्हणाला. "समदी म्हंत्यात, बाई सांगतील ते कबूल. बाई जांभूळ म्हनल्या तर झाड राहील, न्हाई म्हनल्या तर जाईल."

मी मॅडमना टेम्पोत घेऊन निघालो. त्या झाडाचं पहिलं फूल बघायचं म्हणून ही बाई इतकी वर्षं खेपा घालत होती. ते तुटलं तर तिचं सगळं काम कायमचं अर्धं राहणार होतं, कारण त्याच्या जोडीचं झाड या डोंगरांत दुसरं नव्हतं. न राहवून मी म्हणालो, "मॅडम, नुसतं जांभूळ म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. एकाच कुळातलं आहे, फार खोटंही नाही."

मांडीवरचा मायक्रोस्कोप त्यांनी पोत्यात गुंडाळून घट्ट धरला होता. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. "फार खोटं नाही, म्हणजे जाड काप," त्या म्हणाल्या. "दत्ताच्या लग्नात मी पान उजेडाला धरलं म्हणून ही माणसं मला विचारतायत. आज त्यांना काळंबेरं दाखवू? उद्या त्यांच्यातलाच एखादा काप घ्यायला शिकला तर?"

"मग झाड जाईल."

"कदाचित जाईल. नीट चालव, मायक्रोस्कोप हलतोय."

देवळापुढे सगळं गाव जमलं होतं. तात्या आता देवस्थानचे अध्यक्ष होते आणि मंडप व्हावा ही त्यांचीच इच्छा होती, पण त्यांनी मॅडमना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि रीतीने विचारलं, "बाई, सांगा. हे जांभूळ हाय का न्हाई?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

एकच कालवा झाला. मागची पोरं टाळ्या पिटायला लागली. एक जण ओरडला, "झालं तर मंग! आना कटर!" मॅडम पाटावर तशाच बसून होत्या. चेहरा शांत होता, पण मांडीवरच्या हाताने त्यांनी वस्तऱ्याची मूठ इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. ती बोटं फक्त मला दिसली.

तात्यांनी हात वर करून कालवा थांबवला. "जांभूळ न्हाई, तर मंग कोन हाय? बाईंनी आर्दंच सांगितलंय."

मॅडम उठल्या. त्यांनी त्या झाडाची आणि ओढ्यावरच्या जांभळाची पानं सगळ्यांना वाटली. "उजेडाला धरा," असं त्यांनी म्हणायची खोटी, साऱ्या गावाचे हात वर गेले. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, टाळ्या पिटणारी पोरं, गुरव, सगळे उन्हाकडे तोंड करून पानातून बघत होते. ठिपके दोन्हीत होते. मग त्यांनी सगळ्यांसमोर बटाट्यात पान धरून काप घेतले आणि मायक्रोस्कोपचा आरसा उन्हाकडे फिरवला. तात्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर. "ही एक कोर. आन ही दुसरी. हिची टोकं आत हायेत," ते सावकाश म्हणाले. "ठिपकं एक, काठ एक, पन कोर येगळी."

"कुळ एकच आहे, तात्या. घर वेगळं," मॅडम म्हणाल्या. "सख्खं नव्हे, चुलत."

"म्हंजी भावकी," तात्या म्हणाले.

हा शब्द पडला आणि सभेचं रूपच पालटलं. झाड कोणतं हा प्रश्न मागे पडला आणि भावकीचा हक्क काय, हा प्रश्न पुढे आला. त्यात प्रत्येकाला बोलायचं होतं, कारण प्रत्येकाची भावकीत एखादी तरी केस होती. कोणी बांधाचा विषय काढला, कोणी विहिरीच्या पाळीचा. एक म्हातारी म्हणाली, "भावकीशी ज्यानं त्यानं भांडावं, पन देवाच्या मानातनं तिला काढता येत न्हाई. माज्या दिरानं माजी उभी भिंत पाडली, तरी जत्रंत त्याचा नारळ माज्या आदी फुटतोय." पोरांतला एक जण तरी म्हणालाच, "मंग देवीचा कौल लावा."

तेव्हा गुरव पुढे आला. तो म्हणाला, "देवीचा कौल फुलावर असतोय. ह्या झाडाला फूलच न्हाई, तर ह्याचा कौल पानावरच घ्याया पायजे. त्यो बाईंनी समद्यांम्होरं घेतलाय. आता परत कशाला?"

आज तुम्ही त्या देवळात गेलात तर सभामंडपाचा मागचा कोपरा कापलेला दिसेल. नवखे लोक विचारतात, ठेकेदार चुकला का? गावकरी सांगतात, तिथं जांभळाची भावकी उभी हाय. त्या दिवशी परत येताना नसरापूर फाट्यावर चहाला उतरलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "भावकी. इतकी वर्षं शिकवते आहे, हा शब्द मला सुचला नव्हता." आणि दोन भजी जास्त मागवली.

पुढे त्या निवृत्त झाल्या. अब्बा गेले तेव्हा त्या दुकानात येऊन बाकावर नुसत्या बसून राहिल्या होत्या, पाऊण तास. मग त्यांची दृष्टी जायला लागली. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला, कडेचं दिसतं पण मधलं दिसत नाही असा. भाटघरला पुतणीकडे राहायला जाताना त्यांनी वस्तरा माझ्या हातात ठेवला. "धार लावून ठेवत जा," एवढंच म्हणाल्या. मी अजून लावतो, अब्बांच्याच पट्ट्यावर. नर्सरीत नवीन कोणी कामाला आलं की आधी त्याला पान उजेडाला धरायला लावतो, आणि माझं रोप मरणार असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगतो. धंद्याचं नुकसान होतं, पण गिऱ्हाईक परत येतं. मॅडमना जाऊन आता काही काळ झाला, तरी त्यांची शेवटची भेट मला अशी समोर दिसते.

त्या उन्हाळ्यात पहाटेच तात्यांचा फोन आला होता. तात्या खूप थकले होते, तरी मोबाईलवर जत्रेत बोलावं तसे ओरडत होते. "शब्बीर, ये लौकर! आलंय! शेंड्याला आलंय!" मी टेम्पो काढला, देवराई गाठली. दत्ता वर चढला आणि त्याने एक डहाळी काढून दिली. पांढऱ्या केसरांचे झुबके, इवलेसे, मधाच्या वासाचे. मी त्यांचा फोटो काढून तज्ज्ञांना पाठवला. भाटघरला पोचायच्या आतच उत्तर आलं होतं: मॅडमनी पानावरून जे नाव सांगितलं होतं, तेच.

मॅडम पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, फूल आलं, नाव मान्य झालं, तुम्ही बरोबर होतात. त्यांनी शांतपणे हात पुढे केला. मी डहाळी दिली. त्यांनी फुलाला हात लावला नाही. बोटांनी चाचपत पान शोधलं, नखाने त्याच्या कडेची शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली आणि पान सवयीने उजेडाकडे धरलं. ठिपके दिसणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मी बरोबर होते हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्यासाठी फूल कशाला तोडलंस?"

मग त्यांनी डहाळी सावकाश नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ओळखत होतो तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी ते पुसलंही नाही. जरा वेळाने मान वळवून त्यांनी आत पुतणीला हाक मारली.

"अगं, वाटीत पाणी आण," त्या म्हणाल्या. "फार लांबून पाहुणा आलाय."